होडीचा तळ, अभिलेखानुसार सुस्थितीत

न्यायालयात याचिका दाखल करताना आरंभी तारखांची यादी जोडावी लागते. न्यायालयाच्या कार्यालयात अधीक्षक म्हणून निवृत्त होईपर्यंत मी अशा असंख्य याद्या तपासल्या आणि एक तारीख जरी मागेपुढे दिसली तरी प्रकरण परत पाठवले. प्रस्तुत प्रकरणात मात्र मला इंग्रजी महिन्यांचे आकडे लावता येत नाहीत. सर्व प्रसंगी हजर असलेला एकमेव साक्षीदार म्हणजे आमच्या गावचा होडीवाला. तो काळ सणावारांनी मोजतो, आणि कार्यालयाच्या नोंदवहीपेक्षा त्याच्या स्मरणशक्तीवर माझा अधिक विश्वास आहे. म्हणून यादी त्याच्या पद्धतीने देतो.

सहा वर्षांपूर्वीची संक्रांत. संबंधित कार्यालयाने गावाला फायबरची एक जुनी, वापरलेली होडी दिली. आतली बाकडी सुटी होती. जबाबदार: ज्यांनी ती अशा अवस्थेत स्वीकारली आणि पुढे ढकलली, ते.

त्याच वर्षीचा दसरा. बाकडी आतल्या तळाला, म्हणजे बाहेरच्या कवचावर बसवलेल्या प्लायवूडच्या फळीला, बोल्टांनी आवळण्यात आली. जबाबदार: याचे उत्तर मला फार उशिरा सापडले, म्हणून ते त्याच्या जागी येईल.

गेल्या वर्षीच्या पोळ्याआधीचे चार दिवस. तळावर निळ्या रंगाचा जाड थर फासण्यात आला. जबाबदार: कार्यालयाचा ठेकेदार.

पोळ्याचा दुसरा दिवस. होडी सुस्थितीत असल्याचा दाखला देण्यात आला. जबाबदार: तपासणी अधिकारी. त्यांनी काठावर उभे राहून, चहा घेत, बूट ओले न करता सही केली.

त्यानंतरच्या नवरात्रातली दुसरी माळ. चालत्या होडीत तळ फुटला आणि होडीवाल्याच्या बायकोचा पाय पोटरीपर्यंत आत गेला. जबाबदार: वरील सर्व.

यंदाची अक्षय तृतीया. दुरुस्त झालेल्या होडीस पाण्यात उतरण्यास मनाई करणारे पत्र आले. जबाबदार: पुन्हा तेच तपासणी अधिकारी.

आता हकिकत.

मी शहरात, पुंडलिकनगरात राहतो. माझे वडिलोपार्जित शेत पैठण रस्त्याने खाली, धरणाच्या फुगवट्यापलीकडे आहे. धरण भरले तेव्हा गाव एका काठावर आणि निम्म्या गावाच्या जमिनी दुसऱ्या काठावर, अशी वाटणी पाण्याने केली. रस्त्याने जायचे तर दीड तासाचा वळसा पडतो. होडीने पंधरा-वीस मिनिटे लागतात. सकाळी खुरपणीला जाणाऱ्या बाया, दुधाच्या किटल्या, खताची पोती, कधी एखादी शेळी, हे सगळे त्या एका होडीतून जाते. होडीवाल्याचे घर तिच्यावर चालते. होडी बंद असेल तर तो वाळूजला एका गोदामावर रखवालदारी करतो. कोरड्या जमिनीवर आपल्याला झोप लागत नाही, असे तो म्हणतो. मी त्याला चाळीस वर्षे ओळखतो आणि तो कौतुकासाठी बोलणारा माणूस नाही.

तळ फुटण्याच्या कितीतरी आधी त्याने मला सांगितले होते. "तात्या, पाय ठेवला की तळ लवतोय. आन् होडी जड झालीय. आधी आम्ही दोघं वढायचो, आता चार जण लागतात." मी ते ऐकले, वहीत टिपले आणि कार्यालयाला पत्र लिहिले. उत्तर आले नाही, पण रंग आला. पाठोपाठ दाखलाही आला. होडीवाल्याने अधिकाऱ्यांना विनंती केली होती की साहेब, एकदा आत उतरून चालून बघा. ते म्हणाले, लांबूनही दिसते आहे, चांगली चकाकते आहे.

दुसऱ्या माळेच्या सकाळी मी त्या होडीत होतो. बाया नवरात्राच्या उपासाच्या, तरी तोंडे सगळ्यांची चालू होती. कोणाची सासू किती खाते यावर हशा चालला होता. होडीवाल्याची बायको दुधाची किटली उचलायला उठली आणि काही आवाज न होता खाली गेली. फळी मोडल्याचा आवाज यायला हवा होता, तो आला नाही. ओल्या भाकरीत बोट जावे तसा तिचा पाय तळात गेला. पाय बाहेर काढताना फायबरच्या फाटलेल्या कडेने पोटरी चिरली. तिने ओठ दाबून धरले. बायांपैकी एकीने पदर फाडून बांधला. होडीवाल्याने एका हाताने सुकाणू धरून दुसऱ्याने बाकडे पकडले होते आणि तो पाण्याकडे नव्हे, माझ्याकडे पाहत होता. मी पत्रे लिहिणारा माणूस होतो ना.

त्या दिवसापासून मला बसवत नाही. घराच्या फाटकापासून मागच्या पाण्याच्या टाकीपर्यंत मी फेऱ्या घालत असे, आत येऊन दोन ओळी लिहीत असे, पुन्हा बाहेर जात असे. कार्यालयाला तीन पत्रे गेली, पोच आली, उत्तर नाही. शेवटी गावाने ठरवले की होडी आपणच दुरुस्त करायची. फायबरचे काम जाणणारा माणूस शोधण्याची जबाबदारी माझ्यावर आली. तो पडेगावात सापडला. पाण्याच्या टाक्या, मंदिरांचे तयार कळस आणि लग्नाच्या वरातीचे घोडे, सगळे तो एकाच शेडमध्ये फायबरमध्ये करतो. होडी त्याने कधी केली नव्हती, पण टाकीत पाणी आत ठेवायचे असते आणि होडीत बाहेर, फरक इतकाच, असे त्याचे म्हणणे पडले. मी वकील नाही, हे मी त्याला पहिल्याच दिवशी स्पष्ट केले. त्याने आदराने मान डोलावली आणि म्हणाला, बराबर है वकील साब.

दिवाळीनंतर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर होडी लादून पैठण रस्त्याने, छावणीतून पडेगावला नेली. मी ट्रॉलीच्या मागे रिक्षातून. चौकाचौकात लोक विचारीत होते की कोणत्या देखाव्याची आहे. एकाला मी रिक्षा थांबवून सविस्तर उत्तर दिले. रिक्षावाला कंटाळला.

मिस्त्रीने आधी हातोडीच्या दांड्याने तळ ठोकत नेला. काठाजवळ टणक आवाज, मध्ये बदबद. मग यंत्राने कडेची चार बोटे पट्टी ठेवून तळ चौकोनात कापला आणि पहारीने उचकटला. निळ्या रंगाखाली प्लायवूड नावाची वस्तूच उरली नव्हती. पोह्यांसारखे पापुद्रे हातात येत होते. त्याखाली तळाला आधार देणाऱ्या तीन लांब लाकडी पट्ट्या होत्या, पुढून मागेपर्यंत, वरून फायबरने मढवलेल्या. मिस्त्री त्यांना पसली म्हणत असे. एका पसलीचे मढवलेले कवच त्याने चिरले तर आतून काळे पाणी वाहिले आणि रिकामे कवच तसेच उभे राहिले. मधल्या जागेत होडी तरंगावी म्हणून भरलेला थर्माकोल पाणी पिऊन दगड झाला होता. बंद डब्यात वर्षानुवर्षे भिजलेल्या लाकडाचा वास काय असतो, हे मला त्या दिवशी कळले. तो शेडमधून दुपारपर्यंत गेला नाही.

होडी ओढायला दोन माणसे जास्त लागत होती, ती या पाण्यामुळे.

मिस्त्रीने पापुद्रे बाजूला केले आणि बोटाने दाखवले. लाकूड सगळीकडे सारखे कुजले नव्हते. जिथे जिथे बाकड्याचा बोल्ट होता, तिथे काळा डाग सर्वांत गडद, आणि त्याभोवती तो वर्तुळांनी पसरत गेला होता. बोल्टासाठी पाडलेल्या भोकाची कड कोणी बुजवलेलीच नव्हती. उघड्या लाकडातून पाणी खाली जात राहिले, पण वर यायला त्याला वाट नव्हती.

"जिसने ये छेद मारे ना साब, नाव उसीच ने डुबाई," मिस्त्री म्हणाला.

मला नाव हवे होते. त्याच संध्याकाळी मी माहिती अधिकाराचा अर्ज लिहिला. होडीची बाकडी तळाला आवळण्याचा निर्णय कोणी, कोणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या तांत्रिक सल्ल्याने घेतला, त्या संपूर्ण नस्तीच्या साक्षांकित प्रती द्याव्यात. कायद्याने तीस दिवस. तो माणूस सापडला की त्याचे काय करायचे, याचे चार मसुदे माझ्या डोक्यात तयार होते.

दरम्यान होडी वाळायची होती. मिस्त्रीने कुजलेले सगळे खरवडून काढले, कवच आतून घासले आणि होडी थोडी कलती करून उन्हात ठेवली. ओल पूर्ण गेल्याशिवाय नवे फायबर जुन्याला धरत नाही, मग वरून कितीही सुबक दिसो. ओल कळावी म्हणून तो आतल्या बाजूला प्लास्टिकच्या कागदाचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवी. सकाळी कागदाखाली थेंब दिसले की आजही काम नाही. मी रोज सकाळी पहिल्या शहर बसने पडेगावला जाऊन तो कागद पाहत असे. थेंब असत. मिस्त्री मला स्टूल देई, मी बसत नसे. त्याच्या शेडमधल्या फायबरच्या घोड्यांभोवती फिरत असे. एकदा मी सुचवले की चूल पेटवून लवकर वाळवू. त्याने माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "नक्को साब. जल्दी कीच तो ये हालत है इसकी."  घरी सौभाग्यवती म्हणाली, "अहो, वाळायचंय होडीला. तुम्ही का उन्हात फिरताय?"  कडक उत्तर तयार होते, पण ते तिच्यासाठी नव्हते.

एके दिवशी कागदाखाली थेंब नव्हते. दुसऱ्या दिवशीही नव्हते. काम सुरू झाले.

जुन्या तळाचा तुकडाही शाबूत नव्हता, म्हणून माप पुठ्ठ्याने घ्यावे लागले. मी पुठ्ठा धरी, मिस्त्री होडीच्या पोटाचा बाक त्यावर उतरवी, कापी, पुन्हा धरायला लावी. नव्या पट्ट्या सागाच्या घेतल्या. त्यांच्या वरच्या कडा त्याने रंध्याने गोल केल्या, कारण काचतंतूंची चटई धारदार कोपऱ्यावर बसत नाही, तिथे हवा राहते आणि हवेपाठोपाठ पाणी येते. प्रत्येक लाकडाला आधी राळेचे, म्हणजे पातळ रेझिनचे, पाणी पाजले, उलटसुलट, टोकांना दोनदा. मग पट्ट्या जागेवर बसवून त्यांच्या कुशीला लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि चटईचे थर चढवले. थंडीत सकाळी राळ धरत नसे. ऊन शेडमध्ये यायची वाट पाहावी लागे. मी ब्रशने चटई ठोकून हवा काढायला शिकलो. तीन दिवस अंग खाजत होते आणि मला त्याचे काही वाटत नव्हते. हात कामात होते तेवढा वेळ मी कोणाशीही मनात भांडत नव्हतो.

संक्रांतीच्या आठवड्यात नस्तीच्या प्रती आल्या. पाकीट मी शेडमध्येच फोडले, मिस्त्रीला वाचून दाखवावे म्हणून. पहिल्याच पानावर माझे अक्षर होते.

विषय: होडीतील सुट्या बाकड्यांमुळे प्रवाशांच्या जीवितास असलेला धोका. खाली, क्रमांक तीन: "सर्व बाकडी आठ दिवसांच्या आत होडीच्या तळाला बोल्टांनी पक्की आवळण्यात यावीत, अन्यथा होणाऱ्या परिणामांस आपण व्यक्तिशः जबाबदार राहाल." माझी सही. समासात लाल शाईने शेरा: "अर्जदार वारंवार पत्रव्यवहार करतात. अर्जात नमूद केल्याप्रमाणे तातडीने कार्यवाही करून विषय संपवावा." तांत्रिक सल्ल्याच्या रकान्यात काहीच नव्हते.

हे पत्र मी विसरलो होतो असे म्हणणे खोटे ठरेल. उलट, माझ्या सगळ्या पत्रांपैकी आठ दिवसांत कार्यवाही झालेले हे एकमेव पत्र. लग्नात, तेराव्यात, बँकेच्या रांगेत मी त्याचे उदाहरण देत आलो. फक्त त्याचा आणि या भोकांचा संबंध माझ्या मनात कधी आला नव्हता. मिस्त्रीने विचारले, मिला क्या नाम? मी म्हणालो, मिळाले.  मी पाकीट पिशवीत घातले आणि चटई ठोकायला बसलो. ती त्या दिवशी नीट बसली नाही, दोन ठिकाणी काढून पुन्हा लावावी लागली.

बचाव मला लगेच सुचला, तो सुचणारच. बाकडी आवळा असे मी लिहिले होते, उघड्या लाकडात भोके पाडा असे नव्हे. तळ बसल्यावर मिस्त्रीने बाकड्यांसाठी बोल्टाहून मोठी भोके पाडली, ती राळेने गच्च भरली, वाळू दिली आणि त्या भरावाच्या मधोमध बोल्टाचे भोक पाडले. लाकडाला पाणी दिसणारच नाही. मी विचारले, हे सगळ्यांना माहीत असते का? तो म्हणाला, टंकी का नल बिठानेवाला भी जानता है साब. म्हणजे कार्यालयाने विचारले असते तर कळले असते. बचाव मजबूत होता. पण मी हाच बचाव दुसऱ्याच्या तोंडून ऐकला असता तर त्याची सालपटे काढली असती. होडीत बसणाऱ्याने तिच्या पोटात काय आहे हे न विचारता, आठ दिवसांची मुदत घालून, धमकीसह हुकूम सोडला. तो माणूस मी होतो.

महाशिवरात्रीला होडी तयार झाली. मागच्या टोकाला मिस्त्रीने तळात एक झाकण ठेवले, फिरवले की उघडणारे, म्हणजे आत ओल आली तर दिसेल. गावाकडे आणून उतरवली तेव्हा दोघांनी ओढली. होडीवाला तिच्यात उतरून या टोकापासून त्या टोकापर्यंत टाचा आपटत चालला. मग होडीचा सविस्तर अर्ज, छायाचित्रांसह, नव्या तपासणीसाठी कार्यालयाला गेला. अक्षय तृतीयेला उत्तर आले. ते मी शब्दशः देतो: "सदर होडी अभिलेखानुसार सुस्थितीत असल्याने दुरुस्तीची आवश्यकता नव्हती. सबब, तळात करण्यात आलेले बदल हे विनापरवानगी फेरबदल ठरतात. पुढील आदेश होईपर्यंत होडीचा वापर करण्यात येऊ नये."

म्हणजे तळ कधी कुजलाच नव्हता. दाखला खरा ठरवायचा तर पाय खोटा ठरवावा लागतो, आणि कार्यालयाने तो ठरवला. होडीवाला वाळूजला गेला. बाया पहाटे जीपमध्ये कोंबून दीड तासाच्या वळशाने शेतावर जाऊ लागल्या.

तळाशी छेडछाड झाली होती आणि ती कार्यालयाच्याच माणसांनी केली होती, हे दाखवणारा सरकारी कागद संपूर्ण जगात एकच होता. तो माझ्या पिशवीत होता, आणि त्यावर माझी सही होती. होडीच्या बाजूने तो दाखल करायचा तर आधी माझ्याविरुद्ध दाखल करावा लागणार होता. हे लक्षात आल्यानंतर मी आठ दिवस काहीही केले नाही. हे मी लिहून ठेवतो, कारण त्या आठ दिवसांत बाया जीपमधून जात होत्या.

मग ग्रामसभा आली. होडीवाला रजा काढून आला होता. त्याची बायको शाळेच्या व्हरांड्यात खांबाला टेकून उभी होती. त्या पायावर ती अजून पूर्ण भार देत नाही. मी उभा राहिलो, विषयपत्रिकेतील क्रमांक सांगितला आणि म्हणालो, "बाकडी तळाला आवळा, असे पत्र मी लिहिले होते. भोके त्या पत्रामुळे पडली. प्रत ग्रामसेवकांकडे देत आहे."

 मग मागून एक म्हातारा म्हणाला, "तात्या, कोणी उरलं नाय म्हणून आता सोतावरच केस टाकता का?" आणि सभा हसली. होडीवाला हसला नाही. तो खाली बघत होता, नखाने फरशी खरडत.

"हसू नका," त्याची बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "माझा पाय गेला, तात्या. तुम्ही बोलला म्हणून त्यो बरा व्हत नाय. आन् ह्ये तुम्ही लई उशिरा बोलला."

मी म्हणालो, होय.

"पण हितं हुभं राहून बोलला. ज्यानं सही केली त्यो कुठंय? त्याला हितं आणा. त्याचं तोंड बघायचंय मला, त्यो काय म्हणतो त्ये ऐकायचंय."

तपासणी अधिकाऱ्यांनी ग्रामसभेत येऊन उत्तर द्यावे, असा ठराव एकमताने झाला. प्रत कार्यालयास गेली. उत्तरात विषय कार्यवाहीत असल्याचे कळवण्यात आले.

ही कार्यवाही मला माहीत आहे. सहा वर्षांपूर्वी कोणी मला उत्तर दिले असते, की बाकडी अशी आवळता येत नाहीत, मूर्खासारखे लिहू नका, तर तळ आज शाबूत असता. उत्तर द्यायचे टाळण्यासाठी कार्यवाही केली गेली, आणि ती त्या बाईच्या पोटरीत गेली. म्हणून आता मी बंद पाकिटातून पत्र पाठवत नाही. हे सगळ्यांनी वाचावे असे लिहितो आहे.

तपासणी अधिकारी महोदय, मी आपले नाव लिहिलेले नाही. आपल्याला ते ठाऊक आहे. मला आपल्याकडून कार्यवाही, चौकशी समिती, दिलगिरीचे पत्र, यातले काहीही नको. पुढच्या ग्रामसभेला आपण आमच्या गावच्या शाळेत यावे, होडीवाल्याच्या बायकोसमोर उभे राहावे आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सही करण्यापूर्वी आपण त्या होडीत पाय ठेवला होता का? उत्तर होय किंवा नाही इतकेच हवे. नाही असेल तर दाखला तिथल्या तिथे लेखी मागे घ्यावा, म्हणजे होडी पाण्यात जाईल. होय असेल, तर कुठल्या फळीवर ठेवला, तेही तिलाच सांगावे.